‘बांधणी सैल आहे’ म्हणजे नेमकं काय?

पुस्तकाच्या रचनेसाठी संपादकाची मदत कशी घ्यायची, म्हणजे ज्याला डेव्हलपमेंटल एडिटिंग म्हणतात ते कसं करून घ्यायचं, यावर या वेळी बरेच प्रश्न आले. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझी कादंबरी १,१०,००० शब्दांची आहे. मुद्रितशोधकाकडून दोनदा तपासून घेतली. तरी दोन प्रकाशकांकडून ‘भाषा चांगली, पण बांधणी सैल आहे’ एवढाच शेरा घेऊन परत आली. आता आणखी कोणतं संपादन उरलं?

उरलं ते पहिलंच. पुस्तकावरचे संपादकीय संस्कार मोठ्याकडून लहानाकडे जातात. आधी रचना बघतात : गोष्ट कुठे सुरू होते, कोण सांगतं, कोणतं पात्र कशासाठी आहे, कोणती प्रकरणं हवीत आणि कोणत्या क्रमाने. मग परिच्छेद आणि वाक्यं, म्हणजे भाषा-संपादन. त्यानंतर शुद्धलेखन आणि नावं, वयं, तारखा यांचा मेळ. मुद्रितशोधन सगळ्यात शेवटी, पानं लागल्यावर. रचना हाताळताना तीन प्रकरणं काढून टाकणं, दोनांचं एक करणं, शेवट नव्याने लिहिणं यात विशेष काही नाही. त्यामुळे आधी केलेलं शुद्धलेखन नव्या मजकुरावर पुन्हा करावं लागतं. तुमचे दोन फेरे असेच खर्ची पडले.

‘सैल’ हे फक्त लक्षण झालं. त्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. पहिलं, मूळ पेच फार उशिरा येतो. तुमच्या कादंबरीत तो ३८,००० व्या शब्दाला येत असेल, तर पुस्तकाचा तिसरा हिस्सा तयारीतच गेला. दुसरं, प्रसंग एकामागून एक येतात, पण एकामुळे दुसरा घडत नाही. तिसरं, दोन-तीन प्रसंग एकच काम करतात. नवराबायकोत दुरावा आहे हे वाचकाला पाचव्या प्रकरणात कळलं, तरी सातव्यात आणि दहाव्यात तेच भांडण वेगळ्या खोलीत.

संपादक शोधण्याआधी हे घरी तपासून बघा. कादंबरी बाजूला ठेवून एका कागदावर प्रत्येक प्रकरणासाठी एकेक ओळ लिहा : कोणाला काय हवं आहे, आड काय आलं, आणि प्रकरण संपताना सुरुवातीपेक्षा काय बदललं. समोर त्या प्रकरणाची शब्दसंख्या. ओळ आठवणीतून लिहा. आठवत नसेल, तर तीही माहितीच आहे. मग दोन ओळींच्या मध्ये ‘म्हणून’, ‘पण’ किंवा ‘आणि मग’ यांपैकी जो शब्द बसेल तो लिहा. लागोपाठ चार ठिकाणी ‘आणि मग’ आलं, तर सैलपणा तिथेच आहे. ‘काय बदललं’ या रकान्यात सलग तीनदा ‘काही नाही’ आलं, तर त्या तीन प्रकरणांचं एक करता येतं का ते बघा. निम्मे दोष इथेच दिसतात. संपादकाचे तास मग उरलेल्या, अवघड निम्म्यावर लागतील.

प्रश्न : एक संपादक ‘सविस्तर अभिप्राय’ देतो म्हणतात, दुसरे ‘पूर्ण रचना-संपादन’. दोन्हीत फरक काय? मला कोणतं घ्यावं?

अभिप्रायात पुस्तक साधारण एकदा वाचलं जातं आणि पाच ते दहा पानांचं पत्र मिळतं. संहितेवर खुणा नसतात. पूर्ण संपादनात निदान दोन वाचनं होतात, लांब पत्र येतं आणि त्यातला प्रत्येक मुद्दा संहितेत नेमका कुठे दिसतो हे समासातल्या टिपांमधून दाखवलेलं असतं. हा पहिला किंवा दुसराच खर्डा असेल, अजून बरंच उलथापालथ होईल असं तुम्हालाच वाटत असेल, तर अभिप्राय पुरे. घर पाडायचं ठरण्याआधी खिडक्यांची मापं कशाला घ्यायची? आपल्या परीने सगळं करून झालं, तरी काहीतरी अडतंय आणि ते सापडत नाही, अशा वेळी पूर्ण संपादन घ्यावं.

वेळेचा हिशेब स्वतः करून बघा, समोरचा किती गंभीर आहे ते कळतं. ९०,००० शब्द मिनिटाला २५० च्या वेगाने नुसते वाचायला सहा तास लागतात. दुसऱ्या वाचनात टिपा लिहीत तासाला १,५०० शब्द धरले, तर साठ तास. वर पत्राचे आठ-दहा. रोज चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ असं वाचन नीट होत नाही, त्यामुळे तीन ते चार आठवडे ही रास्त मुदत झाली. ‘पूर्ण संपादन तीन दिवसांत’ म्हणणाऱ्याने दुसऱ्यांदा वाचायचं ठरवलेलंच नसतं.

प्रश्न : संपादकाला काय काय पाठवायचं? माझी प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत आहेत, काही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली.

एकच फाइल, सगळी युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधला मजकूर संगणकाच्या लेखी देवनागरी नसतोच. रोमन अक्षरांवर देवनागरीचे आकार चढवलेले असतात. संपादकाकडे तो फॉन्ट नसला की कचरा दिसतो, असला तरी पात्राचं नाव शोधता येत नाही. परिवर्तक वापरून बदलून घ्या आणि नंतर एकदा वाचा. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार हमखास तुटतात.

वर्डमध्ये प्रत्येक प्रकरणाच्या शीर्षकाला ‘हेडिंग १’ ही शैली द्या. नुसतं ठळक करून भागत नाही. शैली दिली की नेव्हिगेशन पेनमध्ये सगळी प्रकरणं डावीकडे दिसतात आणि शीर्षक धरून ओढलं की अख्खं प्रकरण हलतं. रचनेच्या कामात याचा उपयोग किती, ते पहिलं प्रकरण हलवताना कळेल. पान क्रमांक घाला, ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा.

सोबत तीन कागद द्या. एक पानाचा सारांश, शेवटासह. शेवट गुप्त ठेवणारे लेखक पुष्कळ भेटतात; संपादक काही वाचक नव्हे, त्याचा आनंद हिरावला जात नाही. दुसरा कागद वर सांगितलेली प्रकरणवार यादी. तिसरा तुमचे प्रश्न, तीन ते पाच. ‘कसं वाटलं ते सांगा’ हा प्रश्न धरू नका. ‘नायिका सतराव्या प्रकरणात घर सोडते, त्याची तयारी आधी पुरेशी झाली आहे का?’ हा खरा प्रश्न. आधी काय करून बघितलं आणि का सोडलं, तेही दोन ओळींत लिहा. नाहीतर तुम्ही मोडीत काढलेला उपाय तो पुन्हा सुचवेल.

आणि एकदा फाइल पाठवली की त्या प्रतीला हात लावू नका. ‘मधल्या काळात थोडे बदल केलेत, ही नवी प्रत घ्या’ या एका निरोपाने संपादकाच्या अर्ध्या टिपांचे पाय सुटतात. राहवत नसेल तर सुचलेलं वेगळ्या वहीत लिहा.

प्रश्न : संपादक निवडताना नमुना मागावा का? करार करावा लागतो का?

नमुना मागा, पण पहिलं प्रकरण देऊ नका. ते तुम्ही सगळ्यात जास्त वेळा घासलेलं असतं. मधलं, तुम्हाला खटकणारं दोन-तीन हजार शब्दांचं प्रकरण द्या आणि सोबत सारांश व प्रकरणयादी. आलेल्या नमुन्यात सुधारलेली वाक्यं मोजू नका, प्रश्न बघा. ‘ही बहीण पुढे येते का? नसेल तर तिला इतकी जागा का?’ असं विचारणारा माणूस रचना बघतोय. नमुन्यात फक्त शब्द बदललेले असतील, तर तो भाषा-संपादक आहे. असेल उत्तम, पण तुम्हाला आत्ता लागतो तो नव्हे. पुस्तक छापून येईलच अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. छापायचं की नाही हे त्याच्या हातात नसतं. तुमच्या प्रकारचं पुस्तक त्याने आधी हाताळलं आहे का, हेही विचारा. रहस्यकथेत माहिती दडवण्याचा हिशेब वेगळा, चरित्रात पुराव्याचा वेगळा.

करार म्हणजे मोठं प्रकरण नाही, दीड पान पुरतं. शब्दसंख्या किती, वाचनं किती, हाती काय मिळणार (पत्र, टिपा की दोन्ही), कोणत्या तारखेला, मोबदला किती हप्त्यांत, पत्रानंतर बोलण्यासाठी किती वेळ, सुधारलेला खर्डा पुन्हा वाचणं यात धरलं आहे की वेगळं, काम मध्येच थांबलं तर काय. मजकूर तिसऱ्याला दाखवायचा नाही आणि कोणत्याही यंत्राला पुरवायचा नाही, हेही लिहून घ्या. वाद सगळ्यात जास्त होतात ते ‘सुधारलेला खर्डा पुन्हा वाचणं’ या मुद्द्यावर. लेखक ते गृहीत धरतो, संपादक धरत नाही.

प्रश्न : संपादकाचं सोळा पानी पत्र आलं, समासात साडेतीनशेच्या आसपास टिपा. दोन निवेदकांऐवजी एकच ठेवा, वडिलांचं उपकथानक काढा, असं म्हणतात. काही पटतं, बरंचसं नाही. सुरुवात कुठून करू?

आधी काहीच करू नका. पत्र दोनदा वाचा, आठवडाभर उत्तर देऊ नका आणि फाइल उघडू नका. ज्या मुद्द्याने सगळ्यात जास्त राग येतो, त्यावर खूण करा. तो हमखास महत्त्वाचा असतो, मग बरोबर असो वा चूक.

आठवड्याने टिपा वेगळ्या करायला घ्या. प्रत्येक टिपेत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : वाचताना काय झालं, ते का झालं असावं, आणि त्यावर उपाय काय. पहिल्या गोष्टीशी वाद घालू नये. वाचणारा अडखळला तर अडखळला. दुसरीवर विचार करावा. तिसरी, म्हणजे उपाय, पूर्णपणे तुमच्या अखत्यारीत. संपादकाचा उपाय नाकारून दुखणं मान्य करता येतं. जाणते लेखक बहुतेक वेळा तसंच करतात.

एक उदाहरण घेऊ. चौदाव्या प्रकरणात टीप आहे : ‘इथे सुलभाचा संताप पटत नाही, जरा कमी करावा.’ लेखक चौदावं प्रकरण उघडतो, दोन वाक्यं सौम्य करतो, टीप मिटवतो. आता प्रसंग पटत तर नाहीच, वर मिळमिळीतही झाला. दुखणं सहाव्या प्रकरणात आहे. भावाने घराची कागदपत्रं लपवली ही गोष्ट तिथे निवेदकाने एका वाक्यात सांगून टाकली आहे : ‘सुलभाला हे नंतर कळलं तेव्हा ती मनातून तुटली.’ ती तुटताना वाचकाने पाहिलीच नाही. सहाव्यात तिला रिकामं कपाट उघडताना दाखवा, भावाला विचारताना दाखवा, त्याचं उडवाउडवीचं उत्तर येऊ द्या. मग चौदाव्यातला संताप आहे तसा ठेवला तरी चालेल, कदाचित कमीच वाटेल. टीप असते तिथे दुखतं. बिघाड बहुधा आधी झालेला असतो. टिपा वरून खाली एकेक मिटवत जाऊ नका ते यासाठीच. साडेतीनशे टिपांमागे खरी कारणं सात-आठच निघतात.

ती कारणं एका पानावर मांडा आणि समोर तुमचा उपाय लिहा. कामाचा क्रम असा : निवेदक आणि काळ, मग घटनांची साखळी, मग पात्रं, मग एकेक प्रसंग. वाक्यं अगदी शेवटी. हे पान संपादकाला दाखवूनच लेखन सुरू करा. एका तासाच्या बोलण्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. बहुतेक लेखक तो वेळ स्वतःचा बचाव करण्यात घालवतात.

आता तुमचे दोन मोठे मुद्दे. निवेदक एक करायचा का, हे विचार करून ठरत नाही. दुसऱ्या निवेदकाची दोनच प्रकरणं, एक सुरुवातीचं आणि एक कळसाजवळचं, पहिल्याच्या तोंडून लिहून बघा. पहिल्याला जे माहीत असणं शक्यच नाही, असं त्यात किती येतं ते मोजा. कळसाची अख्खी बातमीच त्याला ठाऊक नसेल, तर निवेदक दोनच राहतील आणि उपाय दुसरीकडे शोधायचा, उदाहरणार्थ दोघांच्या आवाजातला फरक वाढवून. वडिलांच्या उपकथानकाचं तसंच. ते ज्या ज्या पानावर येतं त्यांची यादी करा आणि विचारा : ते काढलं तर वाचकाला कोणती गोष्ट कळणार नाही? उत्तर ‘एकच, ते पत्र’ असेल, तर पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती द्या आणि उपकथानक सोडा. काढलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पुसू नका. तो परत क्वचितच वापरला जातो, पण आहे हे माहीत असलं की कापताना हात अडत नाही.

मोठ्या सूचनेला नुसतं घाबरून नकार देऊ नये, यासाठी एक दाखला. हार्पर ली यांची पहिली संहिता १९५७ मध्ये प्रकाशनसंस्थेकडे आली, तेव्हा तिची नायिका गावी परतलेली तरुण स्त्री होती. तिच्या बालपणीच्या आठवणींचे भाग संपादक टे होहॉफ यांना जास्त जिवंत वाटले आणि त्यांनी लहान मुलीच्या नजरेतून कादंबरी लिहायला सुचवलं. दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन चाललं. १९६० मध्ये आली ती ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’. मूळची संहिता २०१५ मध्ये वेगळी छापली गेली, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. होहॉफ यांनी बोट ठेवलं ते संहितेतल्याच जिवंत भागावर. नवी गोष्ट त्यांनी लिहून दिली नाही.

प्रश्न : माझे माहितीपर लेख सदरातून आले होते. त्यांचं पुस्तक करायचं आहे. कथा नाही, मग रचना कसली?

सदराच्या पुस्तकाला तर जास्तच लागते. प्रत्येक लेख स्वतंत्र वाचला जाणार म्हणून तुम्ही दर वेळी विषयाची ओळख नव्याने करून दिली असणार. पुस्तकात तीच ओळख चौथ्यांदा आली की वाचक पानं चाळायला लागतो. सगळ्या लेखांचे पहिले आणि शेवटचे परिच्छेद तेवढे छापून एका बैठकीत वाचा. पुनरुक्ती तिथेच गोळा झालेली असते.

मग पुस्तक काय म्हणतंय ते एका वाक्यात लिहा. ‘पाण्याविषयीचे लेख’ हे वाक्य नाही, तो विषय झाला. ते वाक्य जमलं की प्रत्येक प्रकरण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं ते लिहा; दोन प्रकरणांचा प्रश्न एकच निघाला तर एक जाईल. क्रम तारखेने लावू नका. कोणती गोष्ट समजल्याशिवाय कोणती समजणार नाही, त्यावरून लावा. संपादकाला नेमकं हेच विचारा : वाचकाला लागणारी कोणती माहिती मी उशिरा दिली आहे?

प्रश्न : संपादकाचा खर्च आत्ता झेपणारा नाही. मित्रमंडळींना वाचायला दिलं तर?

चालेल, पण सगळ्यांना एकदम देऊ नका. पाच वाचक असतील तर आधी दोघांना, दुरुस्तीनंतर उरलेल्या तिघांना. पहिल्यांदा वाचणारा माणूस एकदाच मिळतो. त्यांच्याकडून मत मागू नका, नोंदी मागा : वाचन कुठे थांबवलं, कोणती पानं चाळली, पुढे काय होईल असं कुठे वाटलं, कोणाचं नाव मागे जाऊन बघावं लागलं. तिघांनी एकाच पानावर बोट ठेवलं आणि कारणं तीन वेगळी सांगितली, तर पान खरं माना आणि कारण स्वतः शोधा. थोडा खर्च जमत असेल, तर सारांश, प्रकरणयादी आणि पहिला चतुर्थांश भाग यांवरच अभिप्राय मिळेल का ते संपादकाला विचारा.

प्रश्न : एआयकडून रचना तपासून घेतली तर काय बिघडेल?

पात्रांची यादी, वयं, तारखा, कोण कोणत्या प्रकरणात येतं, अशा नोंदींना ते उपयोगी पडतं. त्याही पडताळून घ्या, कारण लांब मजकुरातलं काही सुटतं आणि काही नसलेलंही येतं. रचनेबद्दल विचारलं की उत्तर सहसा कोणत्याही कादंबरीला लागू पडेल असं मिळतं : गती वाढवा, पात्रांना खोली द्या. तुमच्या पुस्तकाचा जो तिरकेपणा आहे तोच दोष म्हणून दाखवला जाण्याचा धोका असतो. आणि मजकूर टाकण्याआधी ती सेवा तो साठवते का, प्रशिक्षणासाठी वापरते का, हे अटींत वाचा.

प्रश्न : कळसाचा प्रसंग संपादकाने सुचवला, लिहिला मी. उद्या ते सहलेखक म्हणून नाव मागू शकतात का?

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. प्रसंग सुचवणं हा संपादकाच्या कामाचाच भाग आहे. मात्र त्याने पानंच्या पानं स्वतः लिहून दिली आणि तुम्ही ती तशीच ठेवली, तर प्रश्न वेगळा होतो. म्हणून करारात एक ओळ असू द्या : संपादकाने लिहिलेल्या सर्व मजकुराचे हक्क लेखकाकडे येतील. तरीही त्याने दाखवलेला नमुना परिच्छेद बाजूला ठेवा आणि तो प्रसंग स्वतःच्या शब्दांत पहिल्यापासून लिहा. ऋणनिर्देशात नाव घालायचं असेल तर आधी विचारा. काही संपादकांना ते नको असतं.